पटाशीला ग्राइंडरवर धार लावताना पोलादाचं पाणी कसं राखायचं?

नवशिक्या

नमस्कार मंडळी,

वापरलेल्या चार पटाश्या हाती आल्यात: ६, १२, १९ आणि २५ मि.मी. पोलाद चांगलं वाटतंय, पण आधीच्या मालकानं त्यांचे हाल केलेत. २५ च्या धारेचे दोन ठिकाणी टवके उडालेत, १९ ची धार तिरकी झालीये आणि १२ च्या पाठीवर एका कोपऱ्यात निळी-जांभळी झाक आहे. हे सगळं दगडावर घासत बसलो तर जन्म जायचा, म्हणून ६ इंची बेंच ग्राइंडर वापरायचा विचार आहे. त्याच्यासोबत ३६ आणि ६० नंबरची करडी चाकं आली आहेत.

ग्राइंडरनं पटाशीचं वाटोळं होतं असं जो तो सांगतो. आणि जो तो स्वतः ग्राइंडर वापरतो! नेमकं खरं काय? कोन किती ठेवू? ती निळी झाक म्हणजे पटाशी गेली का?

छिलपा

ग्राइंडर विका, डायमंडची प्लेट घ्या. विषय संपला.

दीडशहाणा

छिलपा, टवके उडालेली २५ ची पटाशी प्लेटवर सरळ करून दाखवा, मग बोलू. :)

रंधेकरी

नवशिक्या, दोन्ही खरं आहे. ग्राइंडर पटाशी बिघडवतो तो धार लावायला घेतला म्हणून. त्याचं काम धारेच्या मागचं जास्तीचं पोलाद काढायचं. धार दगडावरच लावायची. एवढी वाटणी पाळलीत तर हे सोपं काम आहे.

पोलाद का बिघडतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. साध्या कार्बन स्टीलच्या पटाशीला पाणी देऊन (म्हणजे लालभडक तापवून, विझवून कडक करून) झाल्यावर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर केलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेतानं तापवलेलं असतं. नंतर कधीही ती त्याच्या बरीच वर तापली की कडकपणा उतरतो. रंग त्याची खूण: सुमारे २२०-२३० ला फिकट गवती पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. हा रंग म्हणजे पृष्ठभागावर चढलेला ऑक्साइडचा पातळ थर.

आता पटाशीचा छेद डोळ्यांपुढे आणा. मागे ४ मि.मी. जाड, टोकाला शून्य. उष्णता जाडीकडे पळून जाते, पण टोकाशी पळायला जागाच नाही. त्यामुळे मागचा भाग हाताला कोमट लागत असतो तेव्हा धार जळून गेलेली असू शकते. कोपरे तर सगळ्यात आधी जातात, कारण तिथे पोलाद दोन्ही बाजूंनी संपतं. तुमच्या १२ ची झाक कोपऱ्यातच आहे ना, ती यामुळे.

म्हणून पहिलं काम उलटं वाटेल असं: धार मुद्दाम बोथट करा. पटाशी चाकावर काटकोनात धरून टवके जाईपर्यंत टोक सपाट करा. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघा, सरळ आलं का. आता टोकाला अर्धा-पाऊण मि.मी. रुंद सपाट पट्टी तयार झाली. मग ढाळ, म्हणजे धारेकडे उतरणारी तिरकी बाजू, घासायला घ्या. जोवर ती पट्टी शिल्लक आहे तोवर टोक जाड आहे, आणि जाड टोक सहजासहजी जळत नाही. दिव्याखाली पट्टी पांढऱ्या रेघेसारखी चमकते. रेघ बारीक होत होत केसाएवढी उरली की ग्राइंडर बंद! ती शेवटची रेघ दगडावर काढायची. चाकावर ती पुरती घालवायला गेलात की निळं झालंच म्हणून समजा.

कानस

+१. रंधेकरींनी मर्मावर बोट ठेवलंय.

निळ्या झाकेबद्दल: नुसता रंग घासून काढला म्हणजे कडकपणा परत आला असं होत नाही. रंग वरवरचा, नुकसान आतपर्यंत. तेवढा भाग टोकाकडून कापत मागे यायचं. कुठपर्यंत ते बघायला बारीक कानस घ्या. झाकेच्या जागी हलकीच फिरवा, मग झाकेपासून लांब, पण धारेच्याच बाजूला फिरवा. मऊ पडलेल्या जागी कानस चटकन पकडते, कडक पोलादावरून घसरते. फरक हाताला कळतो. मुठीजवळ तपासू नका, तिकडचं पोलाद बऱ्याचदा मुळातच मऊ ठेवलेलं असतं.

आणखी एक. घासताना रंग ढाळावर शोधू नका. चाक तिथला रंग चढता चढताच खरवडून टाकतं. पटाशी उलटून पाठ बघा. जळल्याची चुगली पाठ करते.

नवशिक्या

वा! पाठीवर बघायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग पाण्याचं काय? दर वेळी बुडवायची का? एका व्हिडिओत ठणकावून सांगत होते की पाण्यात बुडवली तर पोलादाला सूक्ष्म तडे जातात.

दीडशहाणा

आला, पाण्याचा वाद आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कानस

रंग यायच्या आत बुडवली तर बिनधास्त बुडवा. शंभरच्या आतबाहेर तापलेलं पोलाद पाण्यात गेल्यानं काही बिघडत नाही. लाल होण्याच्या जवळ गेलेलं टोक पाण्यात खुपसलं तर तडे जातील, पण तिथवर पोचलात तर तडे ही दुय्यम काळजी आहे.

निळं झाल्यावर घाईघाईनं बुडवण्यात मात्र काहीच अर्थ नाही. गेलेला कडकपणा पाण्यानं परत येत नाही. त्यासाठी पटाशी लालभडक तापवून विझवावी लागते आणि पुन्हा टेम्पर करावी लागते. तो धागा वेगळा.

रंधेकरी

मी बुडवतो, पण भरवसा बोटावर ठेवतो. डाव्या हाताची तर्जनी पात्याखाली, टोकापासून बोटभर मागे. बोटाला गरम लागलं की उचलायची, चटका बसेपर्यंत थांबायचं नाही. पाण्यातून काढल्यावर टोकावर एक थेंब राहू द्या. तो थेंब सळसळून उडाला की पुन्हा पाण्यात. टोक उघडं तापायला लागायच्या आत हा इशारा मिळतो.

याच तर्जनीचा दुसरा उपयोग: ती रेस्टच्या (चाकासमोर पटाशी टेकवायच्या पट्टीच्या) पुढच्या कडेला टेकवून ठेवली की तोच अडसर होतो. पटाशी उचलून, बुडवून, परत ठेवली तरी बोट त्याच जागी टेकतं आणि कोन बदलत नाही. बोटाची पकड न सोडता बुडवायची, एवढंच सांभाळा.

अर्धवट_सुतार

हातमोजे घातले तर चटका बसणार नाही ना?

कानस

अजिबात नाही! फिरत्या चाकाशी हातमोजे, लोंबत्या बाह्या, ओढणी, मफलर काही नको. चाकानं कापड पकडलं तर कापडासोबत हातही जातो. शिवाय मोज्यात उष्णता कळणार नाही, म्हणजे आपलं एकमेव थर्मामीटर गेलं. चष्मा मात्र हवाच, बाजूनं बंद असलेला.

गुण्या

कोनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रोजच्या कामाला ढाळ २५ अंश, त्यावर दगडानं टोकाशी ३० अंशांची बारीक दुसरी धार. हातानं तासायच्या पटाशीला २० पर्यंत चालतं. हातोड्यानं खाच पाडायची असेल तर ३० ते ३५.

कोनमापक लागत नाही, पट्टी पुरते. ढाळाची लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन बरोबर ३०. जाडीच्या साधारण २.४ पट असेल तर २५. म्हणजे ४ मि.मी. जाड पात्याला ८ मि.मी. ढाळ म्हणजे ३०, साडेनऊ म्हणजे २५.

रेस्ट लावताना ग्राइंडरचा प्लग काढा. ढाळावर मार्करची शाई फासा, पटाशी रेस्टवर ठेवा आणि चाक हातानं अर्धा फेरा फिरवा. शाई जिथे खरवडली तिथे चाक टेकतंय. ओरखडा धारेकडे आला तर कोन जास्त आहे, मुठीकडच्या कडेला आला तर कमी आहे. ढाळाच्या मधोमध आला की आहे तोच कोन कायम राहतो.

छिलपा

कोन मोजा नाहीतर काय करा, गोल चाकावर ढाळ खोलगट होतो आणि धार कमजोर होते. हे तरी मान्य कराल का? जुने कारागीर सपाट ढाळच ठेवायचे.

गुण्या

छिलपाराव, आकडे बघू. ६ इंची चाकाची त्रिज्या ७५ मि.मी. ढाळ साडेनऊ मि.मी. लांब असेल तर मधला खोलगटपणा सुमारे ०.१५ मि.मी. येतो. ८ इंची चाकावर ०.११. कागदाचं जाडसर पान झालं.

पण तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. चाकावर अगदी टोकापर्यंत घासलं तर टोकाशी प्रत्यक्ष कोन मोजलेल्या कोनापेक्षा कमी भरतो: ६ इंची चाकावर २५ चे साडेएकवीसच्या जवळपास. तशीच वापरली तर धार मुडपेल. म्हणून तर दगडावर ३० ची दुसरी धार द्यायची. ती दिल्यावर लाकडाशी गाठ ३० ची पडते, मागे खोलगट आहे की सपाट याचं लाकडाला सोयरसुतक नाही.

उलट खोलगट ढाळाचा फायदा मोठा आहे. दगडावर पटाशी टेकवली की ती दोनच रेघांवर बसते, एक धारेची आणि एक मागच्या कडेची. हाताला कोन आपसूक सापडतो, जिग (कोन धरून ठेवणारं साधन) लागत नाही. आणि घासायचं पोलाद इतकं कमी की पाच-दहा हातांत धार येते.

छिलपा

हं. जपानी पटाशीला तरी चाक लावू नका म्हणजे मिळवली.

गुण्या

ते शंभर टक्के मान्य. ती दोन थरांची असते: मऊ लोखंडाला कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेला. त्या पोलादाला मागून लोखंडाचा आधार लागतो, म्हणून ढाळ सपाटच ठेवतात. ती दगडावरच.

रंधेकरी

आता चाकाकडे वळतो, कारण नवशिक्यांचा अर्धा त्रास चाकात आहे.

ग्राइंडरसोबत येणारं करडं चाक बहुधा कडक बांधणीचं असतं. लोखंडी सळ्या, वेल्डिंगच्या गाठी घासायला ठीक. कठीण पोलादावर त्याचे दाणे बोथट होतात, पण सुटून पडत नाहीत. बोथट दाणा कापत नाही, नुसता घासतो, आणि घासलं की उष्णता. चाक गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागलं की समजा आता ते पोलाद कापायचं सोडून तापवतंय. पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचं मऊ बांधणीचं चाक घेतलं तर दाणे फुटत-सुटत राहतात आणि खालचे ताजे दाणे उघडे पडतात. चाक लवकर झिजतं. झिजू दे, पटाशी वाचते.

चाकावर छापलेलं वाचायला शिका. उदा. ‘डब्ल्यूए ६० के ५ व्ही’: पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड, दाणा ६०, बांधणी के, दाण्यांची विरळ-दाट ठेवण ५, काचेसारखा भाजलेला बंध. बांधणीचं अक्षर ए कडे जाईल तितकं मऊ, झेड कडे जाईल तितकं कडक. पटाशीला एच ते के मधलं बघा. दाणा ६० किंवा ८०. हिरवं चाक सिलिकॉन कार्बाइडचं, ते कार्बाइड टिपच्या हत्यारांना, पटाशीला नको.

शेजारी कमाल फेरेही छापलेले असतात. तो आकडा आपल्या ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवा, यात तडजोड नाही.

तुमची करडी चाकं टाकून द्या असं मात्र म्हणत नाही. ड्रेसर आणा आणि चाक वरचेवर खरवडून ताजं करा. टी आकाराचा डायमंड ड्रेसर नवशिक्याला सोपा. खरवडताना चाकाचा माथा (ज्यावर पटाशी घासतो तो पृष्ठभाग) दोन्ही कडांना किंचित उतरता करा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच. मग पटाशी एका वेळी थोड्याच जागी टेकते, उष्णता कमी, आणि कुठे घासायचं ते तुमच्या हातात राहतं. सपाट माथ्याच्या चाकाच्या कडा पात्यात चर पाडतात.

अर्धवट_सुतार

वाचनखूण साठवली. एक शंका: फेरे कमी केले तर तापणारच नाही ना? पंख्याचा रेग्युलेटर जोडला तर?

दीडशहाणा

इंडक्शन मोटर आहे ती, पंख्याच्या रेग्युलेटरवर धड चालणार नाही. पटाशी थंड राहील आणि मोटर जळेल!

कमी फेरेच हवेत तर तसाच ग्राइंडर घ्यावा लागतो. ५० हर्ट्झच्या विजेवर नेहमीचा मिनिटाला २,८५० च्या आसपास फिरतो, मंद गतीचा १,४४० च्या आसपास. पण कडेचा वेग बघा: ६ इंची चाक २,८५० ला सेकंदाला सुमारे २२ मीटर, ८ इंची त्याच फेऱ्यांना ३० मीटर, आणि मंद ८ इंची १५ मीटर. म्हणजे नवशिक्यांचं ६ इंची इतकं काही वाईट नाही. चांगलं चाक आणि हलका हात असेल तर पुरतं.

पाण्यात फिरणारे ग्राइंडर मिनिटाला शे-दीडशे फेरेच घेतात. तिथे जळायची भीती नाही, पण टवके काढायला बसलात तर वेळ जातो.

नवशिक्या

खूप खूप आभार सगळ्यांचे. पाठही जरा गंजून खडबडीत झालीये. चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर धरून सरळ केली तर चालेल का?

कानस

नाही नाही नाही. दोन कारणं.

एक, सरळ चाक माथ्यावर घासण्यासाठी बनवलेलं असतं. बाजूनं दाब देऊन ते झिजवलं तर पातळ होतं, आणि फुटलं तर तुकडे ज्या वेगानं येतात तो वेग दीडशहाण्यांनी वर दिलाच आहे.

दोन, पाठ हीच धारेची अर्धी बाजू. ती ग्राइंडरवर सपाट होत नाहीच, उलट एकदा गोलावली की दगडावर तिला परत सपाट करता करता दमछाक होते. जाड काचेवर १२०-१८० चा वॉटर पेपर चिकटवा आणि टोकाकडचा दोन-तीन सें.मी. भागच घासा. अख्खी पाठ आरसा करायची हौस असेल तर सुट्टीच्या दिवशी.

आता बाजूंचा विषय निघालाच आहे तर ही यादी करून ठेवा. नवं चाक बसवण्याआधी दोरीत किंवा बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर असू शकते, बसवू नका. दोन्ही अंगांच्या कागदी चकत्या काढू नका, नट आवळताना दाब त्यांच्यामुळे सारखा पसरतो. डावीकडच्या नटचे आटे उलटे असतात. बसवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरू द्या. रेस्ट आणि चाक यांत ३ मि.मी. पेक्षा जास्त फट नको. चाक झिजेल तशी रेस्ट पुढे आणत राहा, नाहीतर पातळ पटाशी त्या फटीत ओढली जाते.

रंधेकरी

त्यात एक भर, कारण आपण लाकूडवाले इथेच चुकतो. ठिणग्या आणि भुसा एकत्र नको. ग्राइंडर रंध्याच्या टेबलापासून लांब ठेवा, खालचे छिलपे झाडून घ्या (आमचे छिलपा सोडून). भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी ग्राइंडरला कधीच जोडू नका. पिशवीत पडलेली ठिणगी तिथल्या तिथे दिसत नाही, तासाभरानं धूर येतो तेव्हा आपण घरी गेलेलो असतो.

छिलपा

लाकूडवाल्यांनी मला झाडून टाकायचं ठरवलंय तर. असो.

दगडाचं मीच सांगतो, ती माझी बाजू. ग्राइंडरवरून आलेली पटाशी १००० च्या दगडावर घ्या. खोलगट ढाळाच्या दोन्ही कडा टेकवा, मग मूठ किंचित वर उचला, की झाले ३०. मागे ओढत घासा. पलीकडे पाठीवर कड उलटल्याचं नखाला कळलं पाहिजे, आणि डाव्या कोपऱ्यापासून उजव्यापर्यंत सलग. मधे कुठे लागली नाही तर तिथे अजून पांढरी रेघ शिल्लक आहे. मग ६००० चा दगड, पाठ सपाट टेकवून उलटलेली कड काढायची, शेवटी चामड्यावर दोन-चार हात.

धार आली का ते कागद कापून बघू नका, कागद कशानंही कापतो. मऊ लाकडाच्या टोकाकडचा काप तासून बघा, जिथे तंतू आडवे कापले जातात तिथला. तुकतुकीत पृष्ठभाग आला तर धार आहे. पांढुरके, चुरगळलेले तंतू दिसले तर नाही. त्यात एखादी बारीक उभी रेघ उमटली तर धारेला त्या जागी टवका राहिलाय.

नवशिक्या

छिलपा, दंडवत! १९ ची तिरकी धार आधी गुण्यानं आखून सरळ करतो. शेवटचा प्रश्न: चारही पटाश्यांना हीच पद्धत ना?

गुण्या

२५ आणि १९ ला डोळे झाकून. म्हणजे चष्मा लावून. १२ ला जपून, आधी ती झाक जाईपर्यंत टोक काटकोनात मागे घ्या, एका वेळी एक हलका फेरा आणि लगेच पाणी.

६ ला ग्राइंडर नकोच. पातं अरुंद, उष्णता सामावायला पोलादच नाही, आणि जरा हात कलला की ढाळ एका अंगाला तिरका होतो. काचेवरचा १२० चा वॉटर पेपर घ्या. ६ मि.मी. रुंदीत काढायचं पोलाद इतकं थोडं असतं की चाक ड्रेस करून रेस्ट लावेपर्यंत हातानं काम उरकलेलं असतं. फक्त या अरुंद पात्याला कोन धरायचा जिग वापरा किंवा शेजारी त्याच जाडीचा लाकडाचा तुकडा लावून पकडा, नाहीतर ती कागदावर डुलते.